वहिनींना घेऊन या

चैत्र लागायच्या आधीच वेल्ह्याच्या पलीकडं डोंगरउतारांवर धूर दिसायला लागतो. परक्या माणसाला वाटतं वणवा लागला. वणवा नाही, राब भाजतायत. ज्या वाफ्यात भाताचं रोप टाकायचं त्यावर शेण, तोडून वाळवलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर माती असे थर द्यायचे आणि ते सावकाश धुमसू द्यायचे. तण मरतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं म्हणतात. आता सगळेच करत नाहीत. करू नका म्हणून सांगणारेही गावात येऊन चहा पिऊन जातात. पण पासलीच्या अंगाला अजून ठिकठिकाणी धूर निघतो, मोटारसायकलवरून जाताना शर्टात शिरतो, आणि दर वर्षी त्या वासानं माझं बूड एका जागी टेकत नाही. घरी आलो तरी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो. कालही तसंच झालं. पोरगी म्हणाली, "पप्पा, एक तर बसा, नाहीतर बाहेर तरी जा."

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण गावोगाव डॉक्टरच म्हणतात. म्हशीला हुद्द्याचं काय पडलंय! पावसाळ्याच्या तोंडावर लसीकरण असतं, तेव्हा बर्फाची पेटी मागं बांधून वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या. वरच्या धनगरवस्त्यांवर गाडी जात नाही, तिथं पेटी खांद्याला. या कामामुळं भोर आणि वेल्ह्यातली घरं मला पाठ आहेत, पण सगळी गोठ्याकडून. पुढच्या दारानं मी फारसा कुठं गेलेलोच नाही. कुणाच्या गोठ्याला उतार बरोबर आहे, कुणाची गव्हाण उंच झालीय, हे मी झोपेत सांगीन. माणसं कुठं झोपतात ते विचारू नका.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. त्यातलं दुसरं माझं पाहून झालं होतं. ईशू, म्हणजे माझी मुलगी ईश्वरी, पहिलीत असताना तिची आई आणि मी वेगळे झालो. आदळआपट नाही, तमाशा नाही, दोन माणसांचं जमलं नाही एवढंच. ती सोलापूरला असते, तिचं दुसरं लग्न झालं, सुट्टीत ईशू तिच्याकडं जाऊन येते. राहिली मात्र माझ्याकडं, आपल्या मर्जीनं. यात लपवण्यासारखं काही नाही, पण सांगायची वेळ आली की माझी जीभ जड होते. बायको वारली असती तर लोकांना सोपं गेलं असतं. च्च च्च करून मोकळे झाले असते. देवा, असं मनात आलं याचीच मला लाज वाटते, पण येतं.

तर त्या वर्षी भोरमध्ये आम्ही भाड्यानं राहत होतो. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना वरचा मजला हवा होता. भला माणूस. "सावकाश बघा, पण शाळा सुरू व्हायच्या आत तेवढं…" म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. ईशूची सहावीची परीक्षा चालू होती. पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली, "परत खोली बदलायची?" तिच्या त्या 'परत'नं मी हादरलो. त्याच दिवशी ठरवलं, आता भाड्याचं नको. असं घर घ्यायचं की जिथून माझ्या पोरीला कुणी ऊठ म्हणणार नाही. आणि मी कुठल्या गोठ्यात अडकलो, कारण अडलेली गाय घड्याळ बघत नाही, तर हिला शेजारचं एखादं दार वाजवता येईल. मागणी काय मोठी होती? मला तर साधीच वाटत होती.

भोरमधला एक एजंट माझ्यामागं लागला. बोलायला इतका गोड की मुंग्या लागाव्यात. "साहेब, हॉल बघा. साहेब, गॅलरी बघा, डोंगर दिसतो." स्वयंपाकघराच्या दाराशी आलो की मात्र हात आडवा करायचा. "हे काय, किचन आहे. ते वहिनी बघतील. वहिनींना घेऊन या एकदा." गावातल्या घरांत तर दारापर्यंतही मजल जायची नाही. ओटीवर सतरंजी, पाण्याचा तांब्या, मग चहा. आतून बांगड्या वाजायच्या, भांडी वाजायची, फोडणीचा वास यायचा, आणि मालक म्हणायचे, "आतलं काय, बायामाणसं बगतील. आणा की वैनीस्नी." परक्या पुरुषाला चुलीपाशी न्यायची रीत नाही. रीत म्हणून मला ती समजते, मी याच मातीतला आहे. पण आमच्या घरी भाकरी मी थापतो, आमटी मी करतो, ईशूचा डबा मी भरतो. इतकी घरं पाहिली, पण जिथं माझा अर्धा जन्म जायचा ती जागा मला एकाही घरात धड बघायला मिळाली नाही. "वहिनी नाहीत" म्हणायला तोंड उघडायचो आणि म्हणायचो, "बघू, आणतो."

आंबवड्याचं घर मी जवळजवळ घेतलंच होतं. देवळापासून लांब नाही, वाटेवर गर्द झाडी, भोरही जवळच. गेलो आणि सवयीनं पाय मागच्या बाजूला वळले. अहाहा, काय गोठा होता! छप्पर उंच, वारा आरपार, फरशीला नालीकडं असा उतार की मूत क्षणभर थांबायचं नाही. गव्हाण दगडी, कडा घासून गुळगुळीत. इतकी वर्षं मी लोकांना जे ओरडून सांगतोय ते कुणीतरी माझ्या जन्माआधीच बांधून ठेवलं होतं. मी तिथं हिंडलो, उतारावर पाणी ओतून बघितलं, मालकाला मिठी मारायचीच बाकी राहिली. घरी येऊन ईशूपुढं त्या गोठ्याचं वर्णन करत बसलो. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं म्हैस कुठाय?" आणि थोड्या वेळानं, "खोल्या किती आहेत?" ते काही मला आठवेना. पोट धरून हसली कार्टी. पुढं आठवडाभर मी काही विचारलं की हंबरायची.

ते तिचं हसणं आज आठवतं कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत ते बंद पडलं.

पासलीला मी लसीकरणासाठी जायचोच. तिथल्या हौसाबाईंची एक म्हातारी गाय माझ्या ओळखीची. बाई एकट्या, लेक पुण्यात, तो आईला घेऊन जायचं म्हणत होता आणि घर विकायचं होतं. ईशूची परीक्षा संपली होती म्हणून तिला मागं बसवून नेलं. रस्ता वर चढू लागला तशी हवा बदलली. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या, खाली खाचरं वाळून भेगाळलेली, आणि त्या सगळ्यावर राबाचा धूर आडवा पडलेला. हौसाबाई खाचरात थरावर माती टाकत होत्या. आम्हाला बघून पदरानं तोंड पुसत वर आल्या.

घर छोटं. पुढं अंगण, अंगणात फणस, पाठीमागं थेट डोंगर. मी त्या अंगणात उभा राहिलो आणि माझ्या आतून कुणीतरी म्हणालं, बस, हेच. अशी निवांत वाऱ्याची झुळूक माझ्या अंगावरून किती वर्षांत गेली नव्हती. मला ते घर हवं होतं. पोरासारखं, हट्टानं हवं होतं.

"आतनं बघू का?" मी विचारलं.

"तुमी बसा हितंच, डाक्टर," हौसाबाई म्हणाल्या. "बाईमाणूस आलंय की तुमच्या संगं. ये गं बाय, तुला दावते."

ईशू आधी माझ्याकडं बघायला लागली. मग आत गेली. मी फणसाखाली बसून राहिलो. आतून हौसाबाईंचा आवाज येत होता. पाणी कुठून आणायचं, सरपण पावसाच्या आधी कुठं रचायचं, पावसात दोन-दोन दिवस बाहेर पडता येत न्हाई तवा काय काय भरून ठेवायचं, चूल कशी सारवायची. "लई सोपं हाय. म्या तुझ्यावडी हुते तवा धा मान्सांचं करत हुते." ईशू मध्ये मध्ये 'हो' म्हणत होती. बाहेर आली तेव्हा हाताला काजळी लागलेली. हौसाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "आता तूच घरची बाई. बापाला भाकर कोन घालनार दुसरं?"

किती मायेनं म्हणाल्या होत्या! मी हसलो. हसायचंच ते वाक्य होतं.

परतताना वेल्हं मागं पडलं तेव्हा ईशूनं माझ्या खांद्यापाशी तोंड आणून सांगायला सुरुवात केली. "पप्पा, चूल खाली आहे, बसून करावं लागेल. गॅस ठेवायला एक फळी पाहिजे. पाणी बाहेरून आणायचंय, ते मी शाळेच्या आधी आणीन. पावसात लाकडं ओली होतात, त्याचं आजी सांगणार आहेत." वारा होता, तिचे शब्द तुटून तुटून येत होते. खरं सांगतो, माझी छाती फुगली. रात्रीचं जेवण झाल्यावर बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शहाणी झाली गं बाई माझी भाची. सुटलास तू."

मग रोज काहीतरी दिसायला लागलं. सकाळी उठून बघतो तर कणीक मळून झालेली. डाळ कुकरला लावलेली. खाली पोरं हाका मारतायत, ही म्हणतेय, "कपडे वाळत घालायचेत माझे." मी हातातून बादली घेतली तर रागावली. "तुम्हाला ड्युटीवर जायचंय ना!" हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं? दर दुसऱ्या घरात, दर दुसऱ्या बाईच्या तोंडून. त्या आठवड्यात एजंटानं भोरमधला आणखी एक फ्लॅट दाखवला. ईशूनं हॉलकडं बघितलंही नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, बंद केला, बेसिनच्या खाली वाकून बघितलं, ओट्यापाशी टाचा उंच करून उभी राहिली. "पाट लागेल," ती स्वतःशीच म्हणाली. एजंट खूश. "बघा साहेब! वहिनींची कमी भरून काढली पोरीनं."

आणि ईशूचा चेहरा उजळला. तिला ते आवडलं. कुणी दटावून केलं असतं तर मी भांडलो असतो. पण तिच्या त्या खुशीशी कसं भांडायचं?

आमच्याकडं शेतकरी कधी कधी कोवळं खोंड औताला जुंपतात. दिसायला दांडगं असतं, कामाची हौस असते, ओढतंही झकास. मी त्यांना सांगतो, अरे, दात येऊ दे त्याचे, मान धरेल. बहुतेक लोक ऐकतात. ईशूला मी काय सांगणार होतो? खेळायला जा म्हणून का मुलं खेळतात? आणि तिचं चुकत तरी काय होतं? घरात एक बाई असायला पाहिजे असं प्रत्येक दारात तिला सांगितलं जात होतं, आणि तिचा बाप मान डोलावत "बघू, आणतो" म्हणत होता. तिनं आपल्यापुरता तोडगा काढला. जी जागा रिकामी दिसली तिथं जाऊन उभी राहिली.

ते दिवस मी वेड्यासारखा फिरलो. गरज नसताना पासलीला गेलो. अंगणात उभा राहिलो, खाली उतरलो, परत वर गेलो. हौसाबाईंनी विचारलं, "व्हय-न्हाई काय ते सांगा की ओ, लेक फोनवर फोन करतुय." मी म्हणालो, सांगतो. डोळ्यांना ते घर सुटत नव्हतं आणि जीव म्हणत होता की इथं पहिल्याच पावसाळ्यात माझी पोर डोक्यावर इरलं घेऊन पाणी भरताना दिसेल, अख्खी वस्ती तिचं कौतुक करील, आणि मीही करीन. भोरमधलं घर घ्यावं तर तो एजंट रोज रस्त्यात भेटणार आणि 'वहिनींची कमी' काढणार. ईशूला बहिणीकडं ठेवावं तर ते घर कसलं? झोप लागायची नाही, जेवण जायचं नाही, आणि ज्या त्या गावात धूरच धूर.

पासलीचं घर मी घेतलं नाही. पुण्यातल्या एका जोडप्यानं घेतलं, रविवारी येतात, एरवी कुलूप असतं. फणस तेवढा लगडतो. आजही तिथून जाताना गाडीचा वेग माझ्याही नकळत कमी होतो. चुकलो का? माहीत नाही. काल पुन्हा थांबलो होतो. म्हणूनच घरात येरझाऱ्या चालू होत्या.

शिवऱ्याला घर आहे असं दवाखान्यातल्या एकानं सांगितलं तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. हायवेचं गाव. ट्रकचे हॉर्न, ढाब्यांच्या पाट्या, धूळ. डोंगर सोडून तिथं कोण मरायला जातंय! पण शाळा उघडायला फार अवधी उरला नव्हता, म्हणून गेलो. ईशूही बरोबर होती, केस चापूनचोपून बांधून, मोठ्या बाईसारखी. हायवे सोडून आत वळलं की शेताच्या कडेला एक साधी दोन मजली इमारत, पुढं मोकळं पटांगण. "तू पाण्याची टाकी कुठं आहे ते बघून ये," मी ईशूला म्हणालो आणि एकटाच जिना चढलो. ठरवून चढलो. वर पोचल्यावर कॉलर नीट केली, जणू मुलगी बघायलाच आलोय.

दार एका बाईंनी उघडलं. नवऱ्याची बदली झाली होती, सामान बांधायला काढलेलं. विमलताई त्यांचं नाव. त्यांनी माझ्या मागं जिन्याकडं बघितलं.

"वहिनी नाही आल्या? मग तुम्ही एकटे काय बघणार? परत या ना त्यांना घेऊन."

"वहिनी नाहीत, ताई," मी म्हणालो. "आम्ही वेगळे झालोय. मी आणि माझी मुलगी, दोघंच. स्वयंपाक मी करतो. मला आत येऊ द्या."

एका दमात बोलून टाकलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ताईंनी मला एकदा वरून खाली बघितलं, च्च च्च केलं नाही, नशीब. बाजूला झाल्या.

"या. चपला बाहेर काढा."

मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या कमरेला लागला, बरोबर. परात ठेवायला उजवीकडं जागा होती. ताई हाताची घडी घालून बघत होत्या.

"भाकरी येते?"

"येते. फुगतेसुद्धा."

"ज्वारीची का नाचणीची?"

"नाचणीची कडेला चिरते अजून."

"पाणी उकळून घालायचं, म्हणजे नाही चिरत," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं तोंड सुटलं. ही खिडकी दुपारी लावून घ्यायची, हायवेची धूळ थेट पिठात येते. या कोपऱ्यात डबे ठेवू नका, भिंत पावसात ओल धरते. मिक्सरचं बटण सैल आहे, करून घ्या. समोरच्या मामी दिवसभर घरी असतात, मुलीकडं किल्ली नसली तरी चालेल. मी विचारत होतो, त्या सांगत होत्या. दोन स्वयंपाक करणारी माणसं बोलतात तसं आम्ही बोलत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी घर बघत होतो.

खालून गलका ऐकू आला. खिडकीतून वाकून बघितलं. पटांगणात पोरांचा लपाछपीचा डाव रंगला होता. टाकी बघायला गेलेली माझी पोर इमारतीच्या भिंतीला कपाळ टेकून, डोळे मिटून, मोठमोठ्यानं आकडे म्हणत होती. केसांची वेणी सुटली होती.

"ईशू!" मी हाक मारली. "वर ये, स्वयंपाकघर बघून घे."

तिनं डोळे न उघडताच ओरडून उत्तर दिलं.

"तुम्हीच बघा ना, पप्पा! माझ्यावर राज्य आहे!"

मी वळलो आणि विमलताईंना सांगितलं, घर आम्ही घेतलं.